लिंक दहा गिगची, मग घोडं कुठे पेंड खातंय?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की संशोधनासाठी लांबच्या लोकांशी डेटाची देवाणघेवाण करताना नेटचा काय अनुभव येतो, कुठे अडत असेल तर लिहा. वाटलं होतं चार-पाच पत्रं येतील, आली ढीगभर, आणि त्यातली निम्मी एका वाक्यात मावतील अशी, की "आमच्याकडे स्पीड आहे पण फाईल येत नाही". सगळ्यांना वेगळं उत्तर देणं जमणार नाही म्हणून जी इतरांच्याही कामाची आहेत ती घेतलीत, थोडी कापून. नाव छापू नका असं बहुतेकांनी बजावलंय, उद्या परत त्याच आयटी विभागाच्या दारात उभं राहायचंय ना, समजू शकतो.

प्रश्न: दादा, मी पार्टिकल फिजिक्समध्ये पीएचडी करतेय. आमच्या ग्रुपचा डेटा दुसऱ्या खंडातल्या सेंटरवर आहे आणि मला त्यातला 3 टीबी इकडे आणायचाय. इन्स्टिट्यूटची लिंक 10 गिगची (सेकंदाला 10 गिगाबिट), माझ्या मशीनला 1 गिगचं पोर्ट, स्पीडटेस्ट केली की 900 मेगाबिट दाखवतं, पण डाउनलोड लावला की सेकंदाला 800 केबीच्या वर सरकतच नाही. आमचे आयटीवाले म्हणतात इकडून सगळं ओके, तिकडचा सर्व्हर स्लो असेल. तिकडे मेल केला तर ते म्हणाले बाकीच्यांना व्यवस्थित जातंय. गाईड म्हणतात रात्री लावून ठेव. किती रात्री? – वैतागलेली

उत्तर: 43 रात्री, आणि मधले दिवस पण धरून. 3 टीबी भागिले 800 केबी म्हणजे साडेसदतीस लाख सेकंद होतात, करून बघ. मध्ये एकदा लाईट गेली तर श्रीगणेशा परत.

आता गंमत अशी की तुझे आयटीवाले खोटं बोलत नाहीयेत आणि तिकडचे पण नाही. स्पीडटेस्ट मुद्दाम तुझ्या जवळचा सर्व्हर शोधते, जिथे पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) जाऊन यायला दोन-चार मिलिसेकंद लागतात, वर एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडून सगळ्यांची बेरीज दाखवते. तुझा डेटा येतोय दुसऱ्या खंडातून, जाऊन-येऊन 200 मिलिसेकंद धरू. आता टीसीपी, म्हणजे दोन मशीनमध्ये डेटा नीट पोचवायची पद्धत, कसं वागतं बघ, ते पॅकेट पाठवतं, पोच आली की पुढची पाठवतं, पोच वेळेवर येत राहिली की हळूहळू वेग वाढवतं, आणि एखादं पॅकेट हरवलं की त्याला वाटतं पुढे गर्दी आहे, लगेच ब्रेक मारतं आणि परत हळूहळू चढायला लागतं. हे चढणं पोचेच्या हिशोबाने होतं, म्हणजे जिथे पोच 2 मिलिसेकंदात येते तिथे ते क्षणात सावरतं आणि जिथे 200 लागतात तिथे रांगत बसतं, वर चढून होईपर्यंत दुसरं पॅकेट हरवलेलं असतं.

मॅट मॅथिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये याचं एक छोटं सूत्र मांडलं. पॅकेटचा साइज घ्या, त्याला जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळाने भागा, मग लॉसच्या, म्हणजे हरवणाऱ्या पॅकेटच्या प्रमाणाच्या, वर्गमुळाने भागा, आला साधारण वेग. तुझ्यासाठी लावून बघू. पॅकेटमध्ये डेटा 1460 बाइट, वेळ 200 मिलिसेकंद, आणि समजा दहा हजारात एक पॅकेट हरवतंय. उत्तर येतं साधारण 6 मेगाबिट, आणि तुझं 800 केबी म्हणजे, 1 बाइटला 8 बिट धरून, 6.4 मेगाबिट. तेवढाच लॉस, तीच केबल, फक्त अंतर 2 मिलिसेकंदाचं केलं तर उत्तर बरोबर शंभरपट, म्हणजे सहाशेच्या आसपास. म्हणून जवळच्या कोणालाच काही जाणवत नाही आणि तू एकटीच वेडी ठरतेस. सूत्र जुन्या टीसीपीचं आहे हे मान्य, आता लिनक्समध्ये डिफॉल्ट क्युबिक नावाचं टीसीपी असतं ते जरा बरं सावरतं, गुगलने 2016 मध्ये आणलेलं बीबीआर तर लॉसला फारसं भीक घालत नाही, पण लांब अंतर आणि थोडासा लॉस ही जोडी वाईट, हे काही बदललेलं नाही.

आता करायचं काय. आधी तुझ्याच मशीनचे टीसीपी बफर (वाटेतला डेटा धरून ठेवायची जागा) बघ. 1 गिगचा पाइप 200 मिलिसेकंद भरलेला ठेवायचा तर 25 एमबी डेटा कायम वाटेत असायला हवा, आणि जुनाट सेटिंगमुळे खिडकी, म्हणजे पोच यायच्या आधी एका वेळी पाठवता येणारा डेटा, 64 केबीवर अडकली असेल तर लॉस शून्य असूनही 2.6 मेगाबिटच्या वर जाणार नाही. तुझं त्याच्या वर जातंय म्हणजे 64 केबीचं प्रकरण नसावं, तरी बघच, मधलीच एखादी मर्यादा लागलेली असू शकते. दुसरं, तू जर एससीपीने, म्हणजे एसएसएच या सुरक्षित लॉगिनवरून कॉपी करून, आणत असशील तर थांब, एसएसएचच्या आत स्वतःची वेगळी खिडकी असते आणि लांबच्या वाटेवर ती आड येते. तुमच्या ग्रुपमध्ये एक्सरूटडी किंवा ग्लोबस ही मोठा डेटा हलवायची साधनं वापरत असतीलच, त्याने समांतर आठ-दहा स्ट्रीम लाव, आजच्या आज वेग पाच-सहापट तरी व्हायला हरकत नाही. पण ती पेनकिलर आहे, दुखणं तिथेच राहतं.

दुखणं शोधायला एमटीआर (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर किती पॅकेट हरवतात ते दाखवणारा प्रोग्राम) चालव, दोन्ही बाजूंनी, कारण जायची आणि यायची वाट बऱ्याचदा वेगळी असते आणि डेटा तिकडून इकडे येतोय म्हणजे तिकडून इकडची वाट महत्त्वाची. आणि एमटीआर वाचताना एक चूक जवळजवळ सगळे करतात ती करू नकोस. समजा सहाव्या हॉपवर, म्हणजे वाटेतल्या सहाव्या राउटरवर, 40 टक्के लॉस दिसतोय आणि सातव्यापासून शेवटपर्यंत शून्य. लोक लगेच स्क्रीनशॉट काढून सहाव्या हॉपच्या मालकाला मेल ठोकतात. अगं, सहाव्यावर खरंच पॅकेट मरत असती तर सातव्यावर पोचली कशी असती? तो राउटर फक्त तुझ्या पिंगला ("आहेस का" विचारणाऱ्या पॅकेटला) उत्तर द्यायला कंटाळा करतोय, पुढे मात्र सगळं पाठवतोय. सहाव्यापासून पुढे शेवटपर्यंत सगळीकडे लॉस दिसला तरच काळजीचं. आणि पॅकेट शंभर नको, पन्नास हजार पाठव, दहा हजारात एक हरवणारं शंभरात कसं सापडेल?

मग दोन्ही टोकांच्या मधल्या टप्प्यांवर परफसोनारची (संशोधन नेटवर्कवर वेग आणि लॉस मोजत राहणारं सॉफ्टवेअर) मशीनं असतात, तिथपर्यंत एकेक टप्पा आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने तपास, त्यासाठी आयटीवाल्यांची मदत लागेल, चिडून जाऊ नकोस. एकदा मी स्वतः दोन आठवडे समुद्राखालच्या केबलला शिव्या देत होतो, लोकांना मेल लिहिले, ग्राफ काढले, आणि शेवटी दोष निघाला माझ्याच लॅपटॉपच्या डॉकमध्ये, तो 100 मेगाबिटवर अडकलेला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

प्रश्न: पिंग हे नाव कुठून आलं? कशाचं तरी शॉर्टफॉर्म आहे का? – सहज

उत्तर: नाही हो, शॉर्टफॉर्म नंतर लोकांनी जुळवून बसवला. पाणबुडीचा सोनार आवाज सोडतो आणि तो आपटून परत यायची वाट बघतो, त्या आवाजावरून नाव. अमेरिकन लष्कराच्या एका प्रयोगशाळेत माइक मूस नावाचा माणूस होता, त्याने डिसेंबर 1983 मध्ये नेटवर्क नीट चालत नव्हतं म्हणून एका संध्याकाळी हा प्रोग्राम लिहून टाकला. पुढे त्याने असंही म्हणून ठेवलंय की हे एवढं प्रसिद्ध होणार माहीत असतं तर अजून दोन-चार ऑप्शन घातले असते.

प्रश्न: आम्ही चार देशांतल्या सहा संस्था मिळून हवामानाचं मॉडेलिंग करतो. दर मीटिंगमध्ये एकच वाद, कोणाचं नेट खराब. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अशा वेळी जगात लोक काय करतात? कोणीतरी त्रयस्थपणे मोजत असेल ना? – पंच हवाय

उत्तर: तुमचा हा वाद नवीन नाही, आणि यातूनच एक फार छान प्रकल्प उभा राहिला. 1995 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या स्लॅक या प्रवेगक प्रयोगशाळेत लेस कॉट्रेल आणि मंडळींपुढे हेच होतं, प्रयोग एका ठिकाणी आणि भौतिकशास्त्रज्ञ जगभर विखुरलेले, लॉगिन केलं की एक अक्षर टाइप करून दिसायला वेळ, आणि दोष कोणाचा ते कळेना. त्यांनी काय केलं तर नवीन काही शोधलं नाही, साधं पिंग घेतलं, दर अर्ध्या तासाने ठरलेल्या सगळ्या ठिकाणांना थोडी छोटी आणि थोडी मोठी पिंग पाठवायची आणि जे येईल ते लिहून ठेवायचं, बस. नाव पिंगर. समोरच्या टोकाला काहीही बसवावं लागत नाही, परवानगीच्या फायली फिरवाव्या लागत नाहीत, लाईन कितीही बारीक असली तरी तिच्यावर भार नाही, आणि हीच त्याची खरी ताकद ठरली कारण त्यामुळे ते दीडशेहून जास्त देशांपर्यंत जाऊ शकलं.

आणि वर्षानुवर्षं लिहून ठेवल्यामुळे असं काही दिसायला लागलं की जे कोणी शोधायला निघालंच नव्हतं. उदाहरण सांगतो. भूस्थिर उपग्रह साधारण 35,786 किलोमीटर उंचीवर असतो, पॅकेटला वर जाऊन खाली यायचं, उत्तराने परत वर जाऊन खाली यायचं, म्हणजे प्रकाशाच्या वेगाने गेलं तरी पावणेपाचशे मिलिसेकंद नुसते प्रवासात. त्यामुळे एखाद्या देशाचा कमीत कमी वेळ सुद्धा पाचशेच्या खाली येत नसेल तर डोळे मिटून सांगता येतं की तिथलं नेट उपग्रहावरून येतंय. पूर्व आफ्रिकेत जुलै 2009 मध्ये सीकॉम ही समुद्री केबल सुरू झाली आणि त्यानंतर तिथल्या एकेका संस्थेचा आकडा पायरी उतरावी तसा खाली आला, कोणी केबलवर गेलं आणि कोण अजून उपग्रहावरच आहे ते ग्राफवरून वाचता येत होतं. तसंच 30 जानेवारी 2008 ला अलेक्झांड्रियाजवळ भूमध्य समुद्रात दोन केबल तुटल्या, तेव्हा मध्यपूर्व आणि दक्षिण आशियाकडची वाहतूक लांबच्या वाटांनी वळली आणि वेळेचे, लॉसचे आकडे उसळले. कोणाला किती फटका बसला, कोण दुसऱ्या वाटेने लगेच सावरलं, हे बातम्यांत नुसतं "नेट स्लो" एवढंच होतं, आकड्यांत मात्र देशागणिक दिसत होतं.

तुम्हाला सहा संस्थांसाठी एवढा मोठा खटाटोप नको. प्रत्येकाने एक जुनं मशीन द्यायचं, प्रत्येक मशीनने बाकीच्या पाचांना मोजायचं, आणि सहा बाय सहाचा एक तक्ता सगळ्यांना उघडा दिसला पाहिजे. परफसोनारमध्ये असा तक्ता तयार मिळतो, हिरवे-पिवळे-लाल चौकोन. मग बघा, एका संस्थेची अख्खी आडवी आणि उभी ओळ लाल असेल तर त्यांच्या घरात काहीतरी आहे, आणि एकच चौकोन लाल असेल तर त्या दोघांच्या मधल्या वाटेत. वाद तिथेच मिटतो असं म्हणणार नाही, लोक मग तक्त्याशी भांडतात, पण निदान बोट एकाच दिशेला दाखवतात. आणि एक करा, अंतराचा हिशोब आधी मांडून ठेवा. काचेच्या फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दहा हजार किलोमीटरवरच्या संस्थेशी जाऊन-येऊन 100 मिलिसेकंद लागणारच, त्याच्या खाली कोणाचा बाप आणू शकत नाही. 110-130 दिसलं तर उत्तम चाललंय. 280 दिसलं तर तुमचं पॅकेट कुठूनतरी वळसा घालून येतंय, ट्रेसरूट, म्हणजे पॅकेट कुठून कुठून गेलं त्याची यादी, काढा. नाहीतर लोक 100 मिलिसेकंदासाठी पण आयटीला दोष देत बसतात.

प्रश्न: मी एका संशोधन संस्थेत नेटवर्क बघतो. शास्त्रज्ञ म्हणतात परफसोनार बसवा. वरिष्ठ म्हणतात आपल्याकडे दर पाच मिनिटांनी लिंकचा ग्राफ निघतो, लिंक कधी 30 टक्क्यांच्या वर भरत नाही, एरर काउंटर शून्य, सगळे दिवे हिरवे, मग अजून एक मशीन आणि दहा गिगचं पोर्ट कशाला अडकवायचं. मला स्वतःला पटलंय पण पटवून देता येत नाहीये. – दोन्हीकडून मार खाणारा

उत्तर: साहेब, तुमच्या वरिष्ठांना आधी विचारा, 30 टक्के कशाचे? पाच मिनिटांचे 300 सेकंद. त्यातले 290 सेकंद लिंक 27 टक्के भरली होती आणि 10 सेकंद शंभर टक्के ठासून, पॅकेट बाहेर सांडत होती, तरी सरासरी 30 टक्क्यांच्या आतच येते. आणि सांडायला दहा सेकंद पण लागत नाहीत, स्विचचा बफर लहान असेल तर काही मिलिसेकंदांची उसळी पुरे. तो ग्राफ लिंक किती वापरली ते सांगतो. वापरणाऱ्याला ती कशी मिळाली हे सांगणं त्याचं कामच नाही.

दुसरं, काउंटर शून्य आहे यावर तर अजिबात जाऊ नका. अमेरिकेचं ईएसनेट हे संशोधन नेटवर्क आहे, त्यांच्याकडचा एक किस्सा या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. एका राउटरचं 10 गिगचं लाइनकार्ड (केबल जोडायचं कार्ड) बिघडत चाललं होतं आणि 22,000 पॅकेटमागे एक गाळत होतं, म्हणजे 0.0045 टक्के. राउटरने स्वतः काहीच कुरकुर केली नाही, जवळपासच्या लोकांना फरक जाणवला नाही, आणि लांबच्यांचा वेग मात्र पार बसला. याला ते सॉफ्ट फेल्युअर म्हणतात. लिंक तुटली तर बरं, पाच मिनिटांत फोन येतो. ही अशी अर्धवट आजारी लिंक महिनोन् महिने तशीच चालत राहते आणि लोक आपल्या सवयी बदलतात, हार्ड डिस्क बॅगेत घालून नेतात, तक्रार करायचंही सोडून देतात, आणि तुमच्या वरिष्ठांना वाटतं तक्रार नाही म्हणजे सगळं छान.

आता हा 22,000 मधला एक पकडायचा कसा ते बघा, इथे मोजण्याची खरी मजा आहे. शंभर पिंग मारून बघितलं तर तो सापडायची शक्यता अर्धा टक्का पण नाही, म्हणजे तुम्ही "लॉस शून्य" लिहून तिकीट बंद करणार. परफसोनार मात्र सेकंदाला दहा छोटी पॅकेट एकेरी वाटेवर सतत सोडत राहतं, रात्रंदिवस. दहाच्या हिशोबाने दिवसाला 8,64,000 होतात, त्यातली सरासरी 39 हरवतील, म्हणजे साधारण 37 मिनिटांत एक. तासाचा ग्राफ बघितला तर एखादा ठिपका, कोणी लक्षही देणार नाही. आठवड्याचा उघडला की तेच ठिपके शिंपडल्यासारखे सगळीकडे, गर्दीच्या वेळी पण आणि पहाटे तीनला पण. पहाटे तीनला लॉस आहे म्हणजे गर्दीचा नाही, हार्डवेअरचा आहे, हे तिथेच कळतं. फक्त कामाच्या वेळात ठिपके असते तर निदान वेगळं.

एकेरी वाट मोजण्याचा फायदा हा की जाताना हरवलं का येताना ते वेगळं दिसतं, पिंगमध्ये दोन्ही एकाच गाठोड्यात. पण मग दोन्ही मशीनची घड्याळं जुळलेली हवीत, एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवायची पद्धत) नीट लावा, चार चांगले सर्व्हर द्या, व्हर्च्युअल मशीनवर शक्यतो नकोच, तिथे घड्याळ सरकतं आणि मग पॅकेट निघायच्या आधी पोचलं असे ग्राफ दिसतात. हसू नका, मी पाहिलेत.

मशीन बसवायचं कुठे हा पण वादाचा मुद्दा होणार. फायरवॉलच्या आत बसवलं तर तुम्ही फायरवॉल मोजाल, बाहेर बसवलं तर लिंक. शक्य असेल तर दोन बसवा, एक बाहेर एक आत, दोघांच्या आकड्यातला फरक म्हणजे फायरवॉलची किंमत. ऑफिसच्या फायरवॉली हजारो छोट्या कनेक्शनसाठी बनवलेल्या असतात, आत बरेच प्रोसेसर समांतर काम करतात पण एक कनेक्शन एकाच्याच वाट्याला येतं, त्यामुळे खोक्यावर 10 गिग लिहिलेलं असलं तरी शास्त्रज्ञाच्या एका जाडजूड प्रवाहापुढे तो एकटा धापा टाकतो. म्हणूनच ईएसनेटच्या लोकांनी सायन्स डीएमझेड ही कल्पना मांडली, की मोठा डेटा हलवणारी दोन-तीन मशीनं संस्थेच्या दाराशीच वेगळी ठेवायची, त्यांच्यापुढे भारी फायरवॉलऐवजी राउटरवरच कडक नियम लावायचे, आणि बाकी संस्था आपली फायरवॉलच्या आत सुखाने. सुरक्षा विभाग आधी नाही म्हणेल. त्या मशीनवर ईमेल नाही, ब्राउझर नाही, फक्त ट्रान्सफर, हे कागदावर लिहून द्या, मग ऐकतात.

वरिष्ठांसाठी एक जुनी गोष्ट पण देतो. ऑक्टोबर 1986 मध्ये बर्कलीतली लॉरेन्स प्रयोगशाळा आणि तिथलंच विद्यापीठ, मधलं अंतर चारशे यार्ड, नेटवर्कवर फक्त दोन उड्या, आणि वेग 32 हजार बिटवरून थेट 40 बिटवर आला. चाळीस. प्रत्येक जण हरवलेलं परत परत पाठवत होता आणि त्यानेच गर्दी वाढत होती. व्हॅन जेकबसनने त्यात डोकं घातलं आणि टीसीपीमध्ये गर्दी ओळखून मागे सरायची पद्धत आणली, ती कल्पना आजही चालू आहे. दोन शेजारच्या इमारतींमध्ये सुद्धा काय चाललंय ते दिव्यांकडे बघून कळत नाही, एवढंच सांगायचंय.

प्रश्न: एवढा डेटा नेटवरून पाठवायचा अट्टाहास कशाला? डिस्कमध्ये भरा आणि पार्सल करा. – व्यवहारी

उत्तर: करतात की. कृष्णविवराचा पहिला फोटो आठवतोय, एप्रिल 2019 मध्ये जाहीर झाला तो? त्याची निरीक्षणं एप्रिल 2017 ची, जगभरच्या रेडिओ दुर्बिणींनी मिळून घेतलेली, आणि डेटा पेटाबाइट्समध्ये, म्हणून डिस्का विमानाने पाठवल्या. त्यातली एक दुर्बीण दक्षिण ध्रुवावर, तिथे हिवाळ्यात विमानं उतरतच नाहीत, त्यामुळे तिथल्या डिस्का डिसेंबर 2017 पर्यंत पोचल्या नाहीत आणि बाकी सगळे वाट बघत बसले. तिथे चाललं, कारण कृष्णविवर कुठे पळून जात नाही.

पण 17 ऑगस्ट 2017 ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी आल्या तेव्हा आकाशात कुठे बघायचं हे दुर्बिणवाल्यांना त्याच रात्री कळायला हवं होतं, आणि अकरा तासांच्या आत त्यांनी तो ठिपका शोधला. तिथे पार्सल कसं करणार? आणि सर्न प्रयोगशाळेतल्या एलएचसी या कणप्रवेगकाचा डेटा जगातल्या दीडशेहून जास्त केंद्रांमध्ये वाटलेला असतो, तो सतत इकडून तिकडे वाहत असतो, त्याला कुरिअर लावलं तर कुरिअर कंपनीच विकत घ्यावी लागेल.

प्रश्न: आमच्याकडे विचित्र प्रकार आहे. बाहेरच्या सर्व्हरला लॉगिन होतं, फाईलींची छोटी यादी दिसते, पण मोठी फाईल तिकडे चढवायला घेतली की शून्यावर लटकते. एरर पण येत नाही. आधी चालायचं, नुकतंच सुरक्षेसाठी आयसीएमपी (पिंग आणि नेटवर्कचे निरोप नेणारी पॅकेट) पूर्ण बंद केलंय आणि डेटावाल्या मशीनवर जंबो फ्रेम चालू केल्यात. – लटकलेला

उत्तर: पत्राच्या शेवटच्या वाक्यात तुम्हीच उत्तर लिहिलंय. जंबो फ्रेम म्हणजे पॅकेट 1500 ऐवजी 9000 बाइटचं. वाटेत कुठेतरी 1500 वालाच रस्ता आहे, तिथला राउटर म्हणतो हे आत मावत नाही, लहान करून पाठव, आणि हा निरोप तो आयसीएमपीनेच देतो, ज्याला तुम्ही दारातच अडवलंय. मग तुमचं मशीन तेच मोठं पॅकेट परत परत पाठवत बसतं. लॉगिन आणि यादी छोट्या पॅकेटमध्ये मावतात म्हणून ती चालतात. खात्री करायची तर तेवढ्यापुरतं आयसीएमपी उघडा, कारण पिंगही त्यातूनच जातं, आणि पिंगला "तुकडे करू नको" असं सांगून 8972 साइज द्या, वरचे 28 बाइट हेडरचे धरून 9000 होतात. ते गेलं नाही आणि 1472 गेलं की झालं सिद्ध. इलाज, आयसीएमपी सरसकट बंद करू नका, निदान "पॅकेट मोठं आहे" वाला निरोप आत येऊ द्या.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. या मोजणीत घरबसल्या काही हातभार लावता येईल का? – उत्साही

उत्तर: येईल ना सर. युरोपातली राइप एनसीसी ही संस्था राइप अॅटलास चालवते, घरच्या राउटरला लावायची छोटी डबी, ती जगभर पिंग आणि ट्रेसरूट करत राहते, अशा दहा हजारांहून जास्त डब्या चालू आहेत आणि संशोधक ते आकडे वापरतात. डबी नको असेल तर सॉफ्टवेअर म्हणूनही बसवता येते. बदल्यात तुम्हाला क्रेडिट मिळतात, त्यातून स्वतःच्या मोजण्या लावा. तुमचा ब्राउझिंगचा काही डेटा ती बघत नाही, ती फक्त स्वतःची मोजणी करते.

प्रश्न: मागे तुम्ही फायबरचे कनेक्टर पुसायला सांगितलं होतं. पुसले, आणि एक पॅचकॉर्ड (छोटी जोडकेबल) पण बदलली. आता एकदम मस्त चाललंय, शास्त्रज्ञ खूश आहेत. साहेब विचारतायत नेमका किती फरक पडला, रिपोर्टमध्ये टाकायचाय. काय लिहू? – आभारी

उत्तर: अहो, मलाच विचारताय? पुसायच्या आधीचा आकडा कुठेय? मोजलाच नसेल, बरोबर? "मस्त" हा काही रिपोर्टमध्ये टाकायचा आकडा नाही. एक करा, जुनी पॅचकॉर्ड अजून कचऱ्यात गेली नसेल तर पहाटे कोणी नसताना अर्धा तास परत लावा, दोन्ही टोकांचा ऑप्टिकल पॉवर आणि लॉस लिहून घ्या, लांबच्या एका मशीनशी आयपर्फ चालवा, मग नवीन लावून तेच सगळं परत. आणि नवीन लावायच्या आधी टोक पुसा, नवीन असली तरी.